कर्नाळ्याच्या झाडीत ३०० एमएमची लेन्स घेऊन

पनवेलहून पेणकडे निघालेली एसटी कर्नाळ्याला थेट पक्षी अभयारण्याच्या दारात उतरवते. अंतर जेमतेम १२ किलोमीटर. आम्ही पक्ष्यांचे फोटो काढायला गेलो जानेवारीअखेरीस, मुद्दाम मधल्या वारी. शनिवार-रविवारी अंगठ्याकडे, म्हणजे किल्ल्याच्या सुळक्याकडे, जाणाऱ्यांची रांग लागते आणि पाखरं आत सरकतात. तिकिटाबरोबर कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क असतं, सुटे पैसे ठेवा. १९६८ पासूनचं हे अभयारण्य फार मोठं नाही, १२ चौरस किलोमीटरच्या आसपास. नवख्याला ते सोयीचंच. महामार्ग अगदी लगत असल्याने सुरुवातीला ट्रकचा आवाज सोबतीला असतो, त्याला इलाज नाही.

माझ्याकडे जुना क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० ची साधी झूम. तळ्याकाठी ही लेन्स अपुरी पडते, पण रानात पक्षी मुळात जवळच असतात. अडचण अंतराची नसते, उजेडाची असते. सकाळचे आठ वाजले तरी झाडीत अंधार. ३०० एमएमला एफ ५.६ च्या खाली जाता येत नाही (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, जितका लहान तितका उजेड जास्त), म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० बिनधास्त ठेवा. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेल्या फोटोचं काहीच करता येत नाही. शटर १/५०० सेकंद मिळालं तर उत्तम. पक्षी फांदीवर स्थिर असेल आणि लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर १/१२५ वरही निभावतं. फोकसचा एकच बिंदू निवडा, नाहीतर कॅमेरा पुढची काटकी पकडतो आणि पक्षी मागे धूसर.

आता खरी गोष्ट: चालू नका. बहुतेकजण आवाजामागे धावतात आणि शेपट्यांचे फोटो घेऊन येतात. हिवाळ्यात या रानात निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र थवा करून किडे टिपत फिरतात. निखार, सुभग, चष्मेवाला, कधी सुतार, आणि त्यांच्यासोबत भृंगराज. शेपटीच्या टोकाला दोन चकत्या मिरवणारा हा काळा पक्षी इतरांनी उडवलेले किडे वरच्यावर पटकावतो, शिवाय दुसऱ्यांच्या नकलाही करतो. त्यामुळे नुसत्या आवाजावर जात ठरवू नका, पण त्याचा गलबला जवळ येऊ लागला की कॅमेरा डोळ्याला लावा. पाच मिनिटं नुसती धांदल, मग सगळं सामसूम.

म्हणून पक्ष्याआधी जागा शोधावी. जिथे ऊन तिरपं आत येतं, मागची झाडी लांब आहे आणि समोर एखादी मोकळी फांदी आहे, तिथे झाडाला टेकून बसायचं. आम्ही तसे बसलो तर टिकेलचा निळा माशीमार एकाच काटकीवर पुन्हा पुन्हा येऊन बसत होता. किडा पकडायचा, परत तिथेच. नवशिक्यासाठी याच्याइतका समंजस पक्षी नाही! पांढरा नर स्वर्गीय नर्तक मात्र परीक्षा बघतो: गडद झाडीत कॅमेरा फसतो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. उलट, उजळ आकाशासमोर बसलेला धनेश काळाठिक्कर येतो, तिथे एक स्टॉप वाढवा.

काटेसावर फुललेली दिसली तर तासभर तिथून हलू नका. मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी सगळे तिथेच येतात, आणि निष्पर्ण फांद्यांमुळे पानं आड येत नाहीत.

पावसाळ्यात इथे तिबोटी खंड्या वीण करायला येतो, आणि त्याच्यापाठोपाठ कॅमेरे. मातीच्या दरडीत बीळ करून तो घरटं घालतो. बिळासमोर माणसं ठाण मांडून बसली की पालकांना घास घेऊन आत जाता येत नाही. माझ्या मते वीण चालू असताना घरट्याचे फोटो नकोतच. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं आणि फ्लॅश मारणं, हेही नको. त्यातून मिळणारे फोटो तसेही सगळ्यांचे सारखेच असतात.

कपडे मातकट रंगाचे, पाणी भरपूर. सकाळी अकरानंतर ऊन उभं होतं, पक्षीही गप्प होतात, तेव्हा निघावं. परतीच्या सगळ्या एसटी हात दाखवून थांबत नाहीत, म्हणून वेळ हाताशी ठेवा. आणि डबा उघडण्याआधी वरच्या फांदीवरची माकडं मोजून घ्या.