जोडी-जोडीनं मासे घेऊ नका राव

आपल्याकडं नवीन फिश टँक आला की मासे जोडीनंच घेतात, दोन गोल्डफिश, दोन एंजल, दोन टायगर बार्ब, दोन मोली, काच चाटायला एक सकर आणि पोरगं हट्ट करतंय म्हणून दोन शार्क. दोन फुटी टँकात अकरा मासे, पहिल्या दिवशी दिसतंय लई भारी, आणि महिन्याभरात निम्मे गेलेले असतात. मग खापर फुटतं पाण्यावर नाहीतर लाईट गेल्यावर.

पण दोन-दोन हा हिशोबच चुकीचा आहे. टायगर बार्ब घ्या, हा कळपातला मासा. सहा-आठ असले की आपापसातच पळापळी करत बसतात, दोनच ठेवले की दुसऱ्यांच्या मागं लागतात. राजारामपुरीत एका मित्राकडं चहा पीत बघत बसलेलो, एंजलला पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर असतात ना, बार्ब मागनं येणार, एक दोरी ओढणार आणि सुटणार. एंजल बिचारा हीटरच्या कोपऱ्यात पर मिटून उभा. रात्री लाईट बंद केल्यावरच काय ते जेवत असेल.

निऑन टेट्राचं पण तेच, दोन आणले तर झाडामागं लपून बसतात, रंग पण फिका पडतो, आठ आणा आणि मग बघा. फक्त त्यांच्यात एंजल नको, आज तो रुपयाएवढा दिसतो पण वाढला की निऑन सरळ तोंडात. फायटरचा नर एका टँकात एकच ठेवायचा, दोन ठेवले तर नाव सार्थ करतात. आणि गप्पी, तेच ते डासांसाठी आरोग्य विभागवाले हौदात सोडतात ते, त्यात एका नराला दोन-तीन माद्या तरी पाहिजेत, नाहीतर एकाच मादीला तो जगू देत नाही. पिल्लांची कटकट नको असेल तर नुसते नर घ्या, कारण मादी एकदा नराबरोबर राहिली की नंतर नर नसला तरी काही महिने पिल्लं देत राहते.

गोल्डफिशला गार पाणी लागतं, घाण पण लई करतो, तो हीटरवाल्या टँकात नकोच. शार्क म्हणून विकतात तो खरा शार्क नाहीच, तो पंगासियस, मीटरभर वाढणारा मासा! सकर पण फूटभर सहज होतो आणि मग लोक गुपचूप रंकाळ्यात सोडून येतात. हे कृपा करून करू नका, तो बाहेरचा मासा आहे, तळ्यात तगतो आणि इथल्या माशांच्या मुळावर येतो.

मग घ्यायचं काय? आधी पाणी बघा. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक म्हणजे ५५ लिटरच्या आसपास, वाळू-दगड घातल्यावर त्याहून कमी. आमच्याकडं बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरतो, असल्या जड पाण्यात गप्पी, प्लॅटी, मोली खूश असतात, त्यातलं पण दोन फुटात गप्पी आणि प्लॅटीच बरे, मोली मोठी होते. पाणी हलकं असेल तर आठ निऑन आणि तळाला सहा कोरी, म्हणजे तळाशी राहणारे छोटे मिशीवाले मासे, बास. कोरी टोकदार खडीवर नको, बारीक वाळू पाहिजे, ते मिशांनी तळ उकरत हिंडतात.

आणि मासे एकदम सोडू नका. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया खाणारे फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर अमोनिया साठतो आणि मासे त्यानंच मरतात. आधी टँक चालू ठेवा, मग एक कळप, दोन आठवड्यांनी दुसरा. निऑनबरोबर एखादा फायटर पाहिजेच असेल तर तो सगळ्यात शेवटी, आधी सोडला की अख्खा टँक त्याच्या सातबाऱ्यावर चढतो. तो पण तापट निघाला तर वेगळ्या टँकची तयारी ठेवा.