शेवाळाचा पाहुणचार

मालवणच्या घरी विहिरीजवळची धुण्याची धोंड पावसाळ्यात हिरवीगार व्हायची. वडील ती नारळाच्या सोडणाने घासून काढत. चार दिवसांनी पुन्हा हिरवी. मला ते रिकामटेकडं काम वाटे. आता मी न्यू जर्सीतल्या तळघरात रात्री साडेअकराला कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात हात घालून टूथब्रशने दगड घासतो, आणि उद्या ऑफिस आहे.

टाकी 225 लिटरची. त्यात दोन क्लाउनफिश आणि दगडांवर चिकटवलेले प्रवाळांचे तुकडे. गुलाबाची फांदी लावावी तसे हे तुकडे इथे कापून वाढवतात आणि दुकानात विकतात. भारतात दगडी प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते बरंच आहे. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, पण तिथे असताना मला त्याचा पत्ताच नव्हता.

पहिल्या महिन्यात वाळूवर तपकिरी धुरळा बसला. नव्या टाकीत असं होतंच म्हणतात. तो गेला आणि केसाळ हिरवं शेवाळ आलं. उपटलं की दुप्पट. मग मी पाणी तपासलं. शेवाळाचं खाद्य असलेलं फॉस्फेट शून्य! दोन दिवस मी तो कागद मिरवत होतो. नंतर कळलं की फॉस्फेट पाण्यात नव्हतं, कारण शेवाळाने ते आधीच फस्त केलं होतं. डबा रिकामा दिसला म्हणून घरात लाडू केलेच नव्हते, असं थोडंच असतं?

नळाच्या पाण्यानेही दगा दिला. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू नये म्हणून इथल्या अनेक शहरांत पाण्यात मुद्दाम फॉस्फेट घालतात. माणसांना चांगलं, मला महागात. मग आरओ यंत्र आलं. बायकोने फक्त किंमत विचारली.

पण खरं खातं उघडलं ते आई आली तेव्हा. ती सहा महिन्यांसाठी आली होती. मी दिवसाला गोठवलेल्या मायसिसची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांची, अर्धी वडी घालायचो. तिला ते बघवेना. "एवढ्यान पोट भरतला काय तेंचा?" मी ऑफिसला गेलो की ती आणखी एक वडी सोडायची. मासे तिच्याकडे धावत यायचे आणि ती खूश. मासे किती खाणार? उरलेलं कुजायचं, त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट, आणि दगडांवर बहर. तिला हे सांगायला गेलो तर म्हणाली, "मगे शेवाळाकय भूक आसतली." यावर बोलायला काही उरत नाही.

मग मी गोगलगाई आणल्या. या अॅस्ट्रिया नावाच्या गोगलगाई शेवाळ मनापासून खातात, पण वाळूवर उताण्या पडल्या की त्यांना पालथं होता येत नाही. त्यामुळे झोपण्यापूर्वी टाकीत हात घालून पडलेल्यांना सरळ करणं हेही काम माझ्याकडे आलं. मदतनीस ठेवावा आणि त्यालाच आपण उठवून बसवावं, तसं.

अतिउत्साहात पाणी अगदी निर्मळ करायलाही गेलो. अन्न कमी, गाळणी जास्त. तेव्हा प्रवाळांचा रंग उडाला. त्यांच्या मांसात सूक्ष्म शेवाळच राहतं, उजेडावर अन्न करून त्यांना पोसतं. त्यांच्या रंगात आणि जेवणात त्याचाच मोठा वाटा. ज्याला हाकलत होतो त्याच्याच जातभाईंच्या जिवावर माझे शोभेचे प्रवाळ उभे होते.

आता टाकीखालच्या हौदात कीटोमॉर्फा वाढवतो. हे हिरव्या लोकरीच्या गुंड्यासारखं शेवाळ. त्याचा दिवा रात्रभर जळतो, वरचे दिवे बंद असताना. ते खालीच फॉस्फेट आणि नायट्रेट खाऊन फुगतं, वरच्या केसाळांच्या वाट्याला कमी येतं. दर पंधरवड्याला मूठभर काढून टाकलं की तेवढा माल टाकीबाहेर.

मी ते कचऱ्यात टाकणार होतो. आईने हातातून घेतलं, तीन पाण्यांनी धुऊन मीठ काढलं आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. ती परत गेली त्याला चार महिने झाले. फोनवर ती आधी माशांचं विचारते, मग कढीपत्त्याचं. कढीपत्त्याला नवी पालवी फुटली आहे. माशांना अर्धीच वडी घालतो, हे मात्र मी अजून तिला सांगितलेलं नाही.