आधी बूड, मग रंग: जुन्या शिडाच्या बोटीची डागडुजी

जुनी शिडाची बोट घेताना बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल हातात पडतो, तेव्हा पहिल्या वाचनात छाती दडपते. फाटलेल्या गाद्या, खिडक्यांपाशी ओल, तळाच्या भोकांवरचे जुने सीकॉक, वायरींचा गुंता, तळावर रंगाचे थरावर थर. माझ्या अहवालात हे सगळं एकाच सुरात, एकाखाली एक लिहिलेलं होतं. कुठलं काम टाळलं तर बोट बुडेल आणि कुठलं पाच वर्षं पडून राहिलं तरी बिघडणार नाही, हे ज्याचं त्यालाच लावावं लागतं.

माझी बोट म्हणजे वेस्टर्ली सेंटॉर, २६ फुटी, १९७४ च्या बांधणीची. लॉरेंट जाइल्स यांच्या आराखड्यावरच्या या बोटी १९६९ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये दोन हजार चारशेहून जास्त बांधल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी आजही पाण्यावर आहेत. तळाला एकाऐवजी दोन कील, म्हणजे खाली उतरलेले वजनदार पंखे, असल्यामुळे ओहोटीला ती चिखलात कलंडत नाही, ताठ उभी राहते. साउथॅम्प्टनजवळ, हॅम्बल नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीची बोट मिळणं कठीण. चिखलात बसताना कील बाहेरच्या बाजूला फाकायला बघतात, म्हणून या बोटींचे बरेच मालक आतून फायबरग्लासचे आडवे पट्टे घालून तो भाग मजबूत करून घेतात. माझ्या बोटीचं ते काम आधीच्या मालकाने नेटकं करून ठेवलं होतं. एक मोठी काळजी मिटली.

हर्णैला माझे मामा मासेमारीच्या धंद्यात आहेत. त्यांना फोटो पाठवले आणि विचारलं, "मामा, सुरुवात कुठून करू? रंग अगदीच गेलाय." ते म्हणाले, "रंगाचं काय घेऊन बसलास? आधी बूड बघ. वरून गळलं तर अंथरूण भिजेल. खालून गळलं तर बोट जाईल." सगळ्या अहवालाची वर्गवारी त्या दोन वाक्यांत झाली. मी कागदावर तीन रकाने आखले: पाणी खालून येण्याच्या वाटा, पाणी वरून येण्याच्या वाटा, आणि बाकी सगळं. गाद्या तिसऱ्या रकान्यात गेल्या आणि अजून तिथेच आहेत.

कोकणात होड्या पावसाळ्यात वर ओढतात, इथे हिवाळ्यात काढतात. नोव्हेंबरात बोटयार्डाच्या हॉइस्टने, म्हणजे पट्ट्यांत धरून बोट उचलणाऱ्या क्रेनने, बोट उचलली आणि खडीवर तिच्याच दोन कीलवर उभी केली. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे शनिवार-रविवारचा उजेड फार जपून वापरावा लागतो. बाहेरची कामं सकाळी आणि आतली बल्ब लावून संध्याकाळी, असा शिरस्ता आपोआप पडला.

सीकॉक म्हणजे बोटीच्या तळाला मुद्दाम पाडलेल्या भोकावरचा व्हॉल्व्ह. इंजिनाला गार करायला समुद्राचं पाणी आत घेणारं एक भोक, संडासाची दोन, सिंकचं एक. माझ्या बोटीत एक भोक फाजीलही होतं, कधीकाळी वेग मोजण्याचं यंत्र बसवलेलं. भोकात बाहेरून आरपार बसणारी नळी, म्हणजे स्किन फिटिंग, त्यावर आतून व्हॉल्व्ह, त्याला होज, म्हणजे लवचीक नळी. यातला एक जरी तुकडा मोडला तरी काय होतं, याचा हिशेब मी करून पाहिला. पाण्याच्या पातळीखाली फूटभर खोल असलेल्या दीड इंची भोकातून मिनिटाला अंदाजे शंभर लिटर पाणी आत येतं. एक माणूस हातपंप मारून ते किती वेळ उपसणार?

जुन्या फिटिंग पितळी होत्या. साध्या पितळेत, बाजारात सीडब्ल्यू ६१७ एन या नावाने मिळतं त्यात, जवळपास ४० टक्के जस्त असतं. खाऱ्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतो तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. आकार तोच, आटे तसेच, वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. कळायची खूण एकच: कानशीने जरासं घासायचं. आतून लख्ख पिवळं दिसलं तर धातू शाबूत, गुलाबी दिसलं तर गेलेला. संडासाच्या बाहेर जाणाऱ्या फिटिंगवर मी कानस फिरवली तर ताज्या घावासारखा गुलाबी रंग दिसला. हातोडीने टिचकी मारली तर खणखणीत आवाज नाही, बद्द आवाज. होज जिथे चढवतात ते टोक पक्कडीत धरून नुसतं वाकवलं आणि ते बिस्किटाचा तुकडा पडावा तसं हातात आलं. मागच्या उन्हाळ्यापर्यंत ही बोट याच टोकाच्या भरवशावर खाडीबाहेर जात होती.

बोटींसाठीच्या फिटिंगचं १९९४ चं आयएसओ मानक 'गंजरोधक' कशाला म्हणायचं, तर पाच वर्षांच्या वापरात दोष न दाखवणाऱ्या धातूला. पाच वर्षं! बोटी पन्नास वर्षं वापरल्या जातात. माझं स्पष्ट मत आहे की पाण्याखाली साधं पितळ कुणीही बसवू नये. ब्राँझ घ्यावं, किंवा जस्त निघून जाऊ नये म्हणून खास घडवलेलं डीझेडआर पितळ, नाहीतर चांगल्या प्रतीचं कंपोझिट प्लास्टिक. मी डीझेडआर घेतलं. किनाऱ्यावरच्या विजेचा प्लग लावून ठेवायची सवय असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटरही बसवून घ्यावा. नाहीतर अर्थिंगच्या वायरीतून शेजारच्या बोटींशी जोड होतो आणि आपल्या तळाचा धातू त्यांच्यासाठी झिजत राहतो.

जुनी फिटिंग काढताना आतला नट फिरवण्याच्या नादी लागू नये. पन्नास वर्षांचा नट हलत नाही आणि जोर लावला तर आजूबाजूचं फायबरग्लासच तडकतं. बाहेरून फिटिंगचं छत्रीसारखं डोकं ग्राइंडरने घासून सपाट करायचं आणि उरलेला भाग लाकडी ठोकळा लावून आत ठोकायचा. मग भोकाच्या कडेचं जुनं सीलंट छिन्नीने खरवडायचं. कडा अॅसिटोनने पुसून काही आठवडे तशीच कोरडी होऊ द्यायची. पन्नास वर्षं पाण्यात असलेल्या फायबरग्लासमध्ये ओल असतेच, तिला बाहेर पडायला वेळ लागतो.

तळाला आतून गोलाई असते आणि नट सपाट असतो, म्हणून मध्ये पॅड लागतं. मी फायबरग्लासच्या जाड पाटीतून गोल चकत्या कापल्या आणि घट्ट केलेल्या इपॉक्सीत (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये) बसवल्या. प्लायवूडही चालतं, पण त्याच्या कडा इपॉक्सीने पूर्ण बंद झाल्या पाहिजेत, नाहीतर ते आतून कुजतं. नवीन फिटिंग बसवणं हे दोघांचं काम. बाहेर मी, आत बायको. मी बाहेरून फिटिंग स्थिर धरायची, तिने आतून नट फिरवायचा. सीलंट चहूबाजूंनी सारखं बाहेर आलं की तिथेच थांबायचं.

"अजून आवळू का रे?"

"नको, तेवढंच राहू दे. सगळं पिळून बाहेर आलं तर मध्ये राहील काय?"

शेवटचा पाव फेरा सीलंट सुकल्यावर, तोही फक्त नटाला द्यायचा, फिटिंगला अजिबात हलू द्यायचं नाही. होजवर दोन-दोन क्लिप, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या. प्रत्येक सीकॉकशेजारी मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवली. अंधारात, पाण्यात गुडघ्यावर बसून ती शोधावी लागू नये.

ते फाजील भोक मी कायमचं बुजवलं. भोक बुजवणं म्हणजे बूच मारणं नव्हे. कडा बाहेरून उतरती घासायची, आणि उतार जाडीच्या बारापट. माझ्या तळाची जाडी तिथे साधारण १० मिलिमीटर, म्हणजे भोकाच्या चहूबाजूंनी १२० मिलिमीटरपर्यंत घासणं आलं. चांगल्या बोटीवर ग्राइंडर चालवून ताटाएवढी बशी कोरताना हात कचरतो, पण नव्या थरांना धरायला तेवढी जागा लागतेच. मग इपॉक्सीत भिजवलेले काचकापडाचे गोल तुकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकावर एक. इपॉक्सीला १० अंशांच्या खाली नीट जम बसत नाही, म्हणून फेब्रुवारीतल्या त्या कामाला प्लास्टिकचा आडोसा करून आत छोटा हीटर ठेवला. सुकल्यावर वर चिकट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने धुवायचा आणि मगच पॉलिश पेपर मारायचा, नाहीतर पुढची लांबी (पुट्टी) धरत नाही.

दुसरा रकाना वरून येणाऱ्या पाण्याचा. डाव्या बाजूच्या बाकावर पाऊस पडला की थेंब थेंब पाणी यायचं. आधीच्या मालकाने वरच्या खिडकीभोवती सिलिकॉनचे थर देऊन ठेवले होते, एक पांढरा, एक पारदर्शक, एक काळा. शेजारच्या बोटीवर काम करणाऱ्या एका निवृत्त सुताराने मला पाणी मारून शोधण्याऐवजी हवा भरायला सांगितलं. सगळ्या झडपा बंद केल्या, एका फटीतून पानं उडवायच्या ब्लोअरचं तोंड आत दिलं, फटीची कड टेपने बंद केली आणि डेकवर साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. खिडकीपाशी एकही बुडबुडा नाही. बुडबुडे आले ते तिथून चार फूट पुढे, कठड्याच्या खांबाच्या बुडाशी, एकाच बोल्टभोवती. तिथून शिरलेलं पाणी छताच्या अस्तरामागून घरंगळत येऊन खिडकीच्या कोपऱ्यात टपकत होतं. इतकी वर्षं सगळं सिलिकॉन त्या निर्दोष खिडकीवर गेलं.

खांब काढला. बोल्टच्या भोकाचं तोंड वरून थोडं तिरकं रुंदावलं, म्हणजे ब्युटाइल टेप, ही मऊ, चिकट रबरी सीलंटची पट्टी, आवळल्यावर तिथे बोल्टभोवती कडं होऊन बसते. आतून मोठा वायसर. बोल्ट एका दमात आवळायचा नाही. थोडा आवळायचा, टेप पसरू द्यायची, दुसऱ्या दिवशी परत थोडा. हेच मग डेकवरच्या प्रत्येक खांबाला केलं. गळत नव्हते त्यांनाही, कारण सगळ्यांचं सीलंट एकाच वयाचं होतं.

इंजिनाबद्दल थोडक्यात. गार पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, दर वर्षी बदलावा. जुना काढल्यावर त्याची पाती मोजावी, कारण तुटलेलं पातं पुढे पाइपात अडकून पाणी अडवतं. टाकीच्या तळाशी पाणी साचू देऊ नये, डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात आणि त्यांचा काळा गाळ फिल्टर तुंबवतो. फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या पाइपात अडकलेली एअर काढावी लागते, ती मला लहानपणापासून येते. गावाला विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाची एअर बाबा काढायचे, पाना धरायला मी. नट सैल, हाताने पंप, फेसाळ डिझेल जाऊन सलग धार आली की नट बंद. इथेही तेच, फक्त जागा अडचणीची.

गॅसच्या पाइपला मात्र मी हात लावला नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो, घरात दारखिडकीतून निघून जाईल, पण बोटीत तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. त्यासाठी पात्र माणूस बोलावला, पैसे मोजले आणि त्याच्याकडून तपासणीचा कागद घेतला.

तळाचा रंग सर्वात शेवटी. जुने थर कोरडे घासू नयेत. त्यात तांबं असतं, आणि जुन्या बोटीवर त्याखाली कथिलाचं संयुग असलेला रंगही सापडू शकतो. शंख-शिंपल्यांवरच्या घातक परिणामामुळे तो ब्रिटनमध्ये लहान बोटींवर १९८७ साली बंद झाला. मी मास्क लावून, पृष्ठभाग ओला ठेवून खरवडला आणि खाली अंथरलेल्या ताडपत्रीवरचा कचरा यार्डाच्या घातक कचऱ्याच्या पिंपात टाकला. खांदे भरून आले, पण खरवडलेल्या प्रत्येक हातभर जागेत तळ डोळ्यांखालून गेला. ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरून आलेले, दोन-चार छोटे फोड सापडले. फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो तेच. धुऊन, वाळवून, इपॉक्सीची लांबी भरून बंद केले.

एप्रिलात बोट पाण्यात सोडायच्या दिवशी हॉइस्टवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की पाण्यात टेकल्यावर पट्टे लगेच काढू नका. बोट पट्ट्यांत लटकलेली असतानाच मी आत उतरलो. एकेक सीकॉक उघडला आणि प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर फिरवला, कारण थेंब डोळ्याला दिसायच्या आधी कागदाला दिसतो. सिंकच्या होजपाशी कागद ओलसर झाला. क्लिपला अर्धा फेरा दिला, पुसलं, पुन्हा कागद लावला, कोरडा. सगळे दोनदा तपासून झाल्यावर वर येऊन हात केला आणि त्याने पट्टे सोडले.

आता पुढच्या हिवाळ्यात डोलकाठी उतरवायची आहे. तिला धरून ठेवणाऱ्या स्टेनलेसच्या तारा कधी बदलल्या याची कुठेच नोंद नाही, आणि विमा कंपन्या साधारण दहा वर्षांनी त्याबद्दल विचारू लागतात. तारांच्या टोकांना दाबून बसवलेल्या टर्मिनलमध्ये बारीक चिरा आहेत का, ते भिंगाने बघून ठेवलंय, एका ठिकाणी शंका आहे. त्यामुळे यंदा वारा १५ नॉटच्या (ताशी साधारण २८ किलोमीटरच्या) वर गेला की मोठं शीड आखडतो, आणि तारांच्या कोटेशनसाठी डोलकाठीच्या तारा बसवणाऱ्या दोन रिगरना मापं पाठवली आहेत.