बिबट्याला पकडून लांब जंगलात का सोडत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"पिंजऱ्यात सापडलाय ना? मग न्या की लांब आणि द्या सोडून जंगलात. त्यात एवढं अवघड काय?"

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत बिबट्याचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याला पाठ असतं. दावणीची कालवड गेलेला शेतकरी हेच विचारतो आणि बिबट्याचा कळवळा असलेला पुण्यातला पाहुणाही हेच विचारतो. एकाला तो आपल्या शिवारातून जायला हवा असतो, दुसऱ्याला तो "त्याच्या घरी" जायला हवा असतो. याचं उत्तर मी आजवर दोन वाक्यांत देत आले आणि दोन वाक्यांत ते कुणालाच पटत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सोडत नाही, कारण सोडून पाहिलंय.

१९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात बिबट्याने माणसावर केलेले हल्ले वर्षाला सरासरी चार होते. शेळ्या, वासरं, कुत्री जात होती, तक्रारी होत होत्या. २००१ पासून मोठ्या प्रमाणावर पिंजरे लागले. उसात पकडलेले बिबटे उचलून आसपासच्या जंगलांत, सरासरी ४० किलोमीटरवर, सोडले गेले. तेव्हा देशभर हीच रीत होती आणि हेतूत खोट काढायला जागा नव्हती. गावांची भीती जाईल आणि जंगलात बिबटे वाढतील, एका कामात दोन्ही साधेल, असं वाटणं स्वाभाविक होतं.

झालं ते उलटं. हल्ल्यांची सरासरी वर्षाला चारवरून सतरावर गेली. त्यातल्या जीवघेण्या ठरणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट होऊन ३६ टक्क्यांवर पोचलं. जिथे बिबटे सोडले होते त्या जागांजवळही माणसांवर हल्ले होऊ लागले. आणि ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप केला, ती पाळीव जनावरांची शिकार थांबलीच नाही. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातल्या नोंदी एकत्र करून २०११ मध्ये हे आकडे मांडले. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पकडून दुसरीकडे सोडण्याचा मार्ग टाळा, असं सांगितलं. आकडे कागदावर लहान दिसतात. चार आणि सतरा यांच्यामध्ये दर वर्षी तेरा घरं आहेत, आणि ती घरं याच शिवारांतली.

असं का झालं असावं, ते बिबट्याच्या बाजूने पाहा. उसातला नर आपल्या हद्दीत वर्षानुवर्षं फिरलेला असतो. कोणत्या वस्तीवर किती कुत्री, कोणत्या गोठ्याचं दार मोडकं, ओढ्याच्या कोणत्या नळीत दिवस काढता येतो, रात्री शेवटचा माणूस किती वाजता मोटर बंद करून घरी जातो, हे सगळं त्याला माहीत असतं. ही माहितीच त्याला आणि माणसाला एकमेकांपासून लांब ठेवते. आता त्याला लोखंडी पिंजऱ्यात रात्रभर कोंडा. सकाळी शे-दोनशे माणसं भोवती आरडाओरडा करणार, काठ्या आपटणार. तो गजांवर धडका देतो, त्यात नखं उखडतात, सुळे तुटतात. मग गाडीतून नेऊन घाटात दार उघडा. तिथे पाणी कुठे, आडोसा कुठे, त्याला काही ठाऊक नाही. तिथली जागाही मोकळी नसते, दुसऱ्या नराने झाडांवर ओरखडे ओढून आणि मूत फवारून हद्द आखलेली असते. त्यामुळे तो निघतो, आणि मांजराच्या जातीला परतीची दिशा सापडते. वाटेत अनोळखी वस्त्या लागतात, अनोळखी कुत्री भुंकतात, तुटक्या सुळ्याने शिकार नीट साधत नाही. इकडे त्याने सोडलेली जागा महिन्या-दोन महिन्यांत भटक्या तरुण नरांनी धरलेली असते. एकाला उचललं, पण विस्कटल्या दोन जागा आणि मधली सगळी वाट.

इथे मला अडवणारे असतात आणि त्यांचं म्हणणं मी टाळत नाही. त्याच वर्षांत कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उसाचं क्षेत्रही वाढत होतं, मग हल्ले त्यामुळेच वाढले नसतील कशावरून? पूर्णपणे नाकारता येत नाही. वेळ जुळते, जागा जुळते, म्हणून आपण संबंध जोडतो. प्रयोगशाळेत करतात तसा प्रयोग इथे करता येत नाही, कुणी करूही नये. 'आजोबा' नाव दिलेल्या बिबट्याचं उदाहरणही मला ऐकवलं जातं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला हा म्हातारा नर गळ्यात कॉलर, म्हणजे माग काढणारा पट्टा, घालून माळशेज घाटात सोडला. तो महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून, वसईची खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. वाटेत त्याने कुणाला ओरखडाही काढला नाही. खरं आहे. सोडलेला प्रत्येक बिबट्या माणसावर जातो असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण घाटात सोडला तो घाटात थांबला नाही, हेही तोच सांगतो. दहा सोडले आणि त्यातला एक बिथरला, तर तो कोणत्या गावाच्या वाट्याला द्यायचा हे कुणी ठरवायचं?

पिंजऱ्याबद्दलही बोलायला हवं, कारण सगळी मागणी तिथूनच सुरू होते. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात शेळी किंवा कोंबडी असते. मध्ये जाळी, पुढे पडदार. आत शिरून फळीवर पाय पडला की दार कोसळतं. हल्ला कोणी केला हे त्या फळीला कळत नाही. त्या रात्री त्या वाटेने जो भुकेला जाईल तो अडकतो. पुष्कळदा तो नुकताच आईपासून सुटलेला दीड-दोन वर्षांचा पोरगा असतो किंवा पिल्लांसाठी सावज शोधणारी मादी. मादी अडकली तर पिल्लं उसात राहतात. खरा हल्लेखोर तिसऱ्याच शिवारात असू शकतो आणि गाव मात्र "पकडला" म्हणून निर्धास्त होऊन मुलांना अंधारात सोडायला लागतं. शेड्यूल एकमधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, प्राणी पकडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. लोकांना ती लालफीत वाटते, आणि रात्रभर दार लावून बसलेल्या घराला तसं वाटणारच.

"त्याचं घर" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण वेगळं आहे, आणि ते आधी माझ्याशीच आहे. माणूस जंगलात घुसला म्हणून बिबट्या गावात आला, हे वाक्य मीही वर्षानुवर्षं सभांमधून बोलले. इथल्या उसाला ते लागू पडत नाही. बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस म्हणजे पाणी, गारवा, आडोसा आणि भोवती कुत्री, डुकरं, शेळ्या. आजची मादी याच उसात जन्मली, तिची आईही उसातलीच. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या खोऱ्यात चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात. तिथे कॅमेरे लावून मोजलं तेव्हा १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यातलं ८७ टक्के वजन पाळीव आणि गावठी जनावरांचं होतं आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. कॉलर लावलेले बिबटे रात्री घरांपासून २५ मीटरच्या आत येऊन जात होते आणि घरातल्यांना पत्ताही नव्हता. एवढी दाटी असून हल्ले मात्र जुन्नरसारखे नव्हते. आता अशा जनावराला कोणत्या घरी पाठवायचं?

हे जवळून पाहायचं तर ऊसतोडीच्या दिवसांत पाहावं. कोयत्यापुढे पाचटात दोन-तीन पिल्लं निघतात, मांजराच्या पोराएवढी, निळसर डोळ्यांची. आई दहा-पंधरा सऱ्या पलीकडे दबून असते. अशा वेळी तोड तिथेच थांबवायची, पिल्लांना हात लावायचा नाही, फोटोसाठी उचलायचं तर मुळीच नाही. डॉक्टर येऊन हातमोजे घालून तपासतात, गोचिडं काढतात, वजन घेतात, शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी ओळखीची चिप घालतात. संध्याकाळी पिल्लं सापडली त्याच जागी, आपल्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरतात तसल्या प्लॅस्टिकच्या कॅरेटखाली ठेवतात. कॅमेरा लावून सगळ्यांनी तिथून निघून जायचं. आई येते, कॅरेट नाकाने ढकलून उलटं करते आणि मानेला धरून एकेक पिल्लू नेते. एका वेळी एकच, म्हणून शेवटचं तासभर एकटं राहू शकतं. इथेच लोक चुकतात. "हे टाकलं तिने" म्हणत घरी आणतात, आणि पिल्लू आयुष्यभरासाठी पिंजऱ्यात जातं. पहिल्या रात्री आई आली नाही तर दुसऱ्या रात्री त्याच जागी पुन्हा ठेवायचं. शेजारच्या फडात ठेवून चालत नाही. तिची शोधाशोध पिल्लं जिथे ठेवली होती तिथेच होते.

तोडणीही चारी बाजूंनी घेरून करू नये. एका अंगाने तोडत जावं म्हणजे दुसऱ्या अंगाने तिला निघता येतं. घेरलेली मादी अंगावर येते, मग ती नरभक्षक ठरते.

आता ज्याला माझ्याकडे उत्तर नाही ते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात वीसेक दिवसांत तीन माणसं गेली, त्यातली दोन मुलं. त्या घरांसमोर हे आकडे काढायची माझी हिंमत नाही आणि काढूही नयेत. पुन्हा पुन्हा माणसावर जाणारा बिबट्या काढावाच लागतो, पकडून किंवा मारून. त्यावर माझं दुमत नाही. पकडलेला जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जन्मभर ठेवावा लागतो आणि तिथली जागा काही रबराची नाही. नसबंदीचं म्हणाल तर ती मी धुडकावत नाही. पण नसबंदी केलेला बिबट्या आपल्या शिवारातच राहणार, शेळी नेणारच. त्याचा परिणाम दिसायला वर्षं जातील आणि भीती आजची आहे. "घाबरू नका" असं मी पूर्वी सांगायचे, ते आता सांगत नाही. घाबरण्यासारखं आहे.

सांगते ते एवढंच. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी असेल पण वरून उघडं असेल तर तो बंदिस्त नाही, कारण बिबट्या वरून उतरतो. जाळी खाली फूटभर जमिनीत गाडा. दाराखालची फट बुजवा, डोकं शिरलं की अंग शिरतं. घराला खेटून ऊस नको, वीस-तीस फूट मोकळं ठेवा. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या बांधावर फेकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो. सांजेपासून सकाळी उजाडेपर्यंत लहान मूल एकटं अंगणात नको, मोठ्या माणसाच्या पुढे दहा पावलंही नको. ओणवं किंवा उकिडवं बसलेलं माणूस त्याला सावजाच्या उंचीचं दिसतं. म्हणून गवत कापताना, परसाकडे जाताना कुणीतरी उभं राहून बोलत राहावं. ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडाला चिकटून बांधू नयेत. त्या मुलांना दारही नसतं, आणि आपल्या सगळ्या चर्चेत ती सर्वात शेवटी येतात.

आणि रात्री मोटर चालू करायला जाताना दोघांनी जा, बॅटरी घ्या, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा. हे सांगितलं की शेतकरी विचारतो, थ्री फेज रात्री बारानंतर येते, घरात मी एकटा कर्ता, दुसरा माणूस आणू कुठून? दिवसा लाईट द्या, मग बिबट्याचं बघू. याला मी काय बोलणार. तो बरोबरच विचारतो.