मार्चअखेरचा माल

ग्राहकोपयोगी वस्तू विकणाऱ्या मोठ्या कंपनीत ‘विक्री’ म्हणून जो आकडा संचालक मंडळापुढे जातो, तो दुकानात गिऱ्हाइकाने केलेल्या खरेदीचा नसतो. कंपनीने वितरकाच्या नावाने केलेल्या बिलांचा तो आकडा असतो आणि आमच्या धंद्यात त्याला प्रायमरी म्हणतात. वितरकाकडून किराणा दुकानदाराला जाणारा माल ही सेकंडरी. दोन्ही आकडे वर्षभर जवळपास बरोबरीने चालले तर काळजीचे कारण नसते. त्यांच्यात अंतर पडू लागले, की कंपनीचे सगळे धोरण भ्रामक पायावर उभे राहू शकते. हे मी अनेकदा वाचले होते. ते डोळ्यांनी पाहिले एका मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत.

मी अंधेरीतील एका खाद्यपदार्थ कंपनीच्या मुख्यालयात धोरण विभागात काम करतो. त्या वर्षी बिस्किटांची नवी उत्पादन लाइन टाकण्याचा प्रस्ताव माझ्याकडे तपासणीसाठी आला होता. गुंतवणूक मोठी होती आणि तिचा मुख्य आधार होता मुंबई विभागाच्या प्रायमरीत सलग तीन तिमाह्या दिसलेली दोन अंकी वाढ. वितरकांच्या सॉफ्टवेअरमधून येणारी सेकंडरी मात्र जवळजवळ जागच्या जागी होती. याचे कारण विचारले, तेव्हा ‘डेटा नीट सिंक होत नाही’ असे उत्तर मिळाले. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे उत्तर अनेकदा खरेही असते, म्हणून कागदावर वाद घालण्यापेक्षा 30 मार्चला एरिया सेल्स मॅनेजरसोबत भांडुपच्या एका वितरकाच्या गोडाऊनमध्ये जायचे मी ठरवले.

गोडाऊनमध्ये शिरायलाही जागा नव्हती. पेट्यांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या आणि दाराशी एक टेम्पो उतरवला जात होता. मी पेट्यांवर छापलेला पॅकिंगचा महिना वाचू लागलो. पुढच्या रांगांवर मार्च होता, त्यामागे फेब्रुवारी आणि अगदी भिंतीलगत नोव्हेंबर. जुना माल आधी बाहेर काढावा, हा गोडाऊनचा पहिला नियम. पण इथे नव्या मालाने जुन्या मालाची वाटच अडवली होती. सहा महिन्यांत खपायला हवे असे ते बिस्किट. म्हणजे नोव्हेंबरच्या पेट्यांना मेपर्यंतच मुदत होती आणि एवढ्या कमी मुदतीचा माल कोणताही दुकानदार घेत नाही.

वितरक शेठ वडिलांच्या काळापासून हा धंदा सांभाळणारे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, “साहेब, तुमचं क्लोजिंग झालं, माझं गोडाऊन भरलं. जीएसटी लागायच्या आधी, 2017 च्या जूनमध्ये, आम्ही माल उचलणं जवळजवळ बंद केलं होतं. तेव्हा कंपनीची विक्री पडली म्हणून तुमच्याकडे केवढी धावपळ झाली होती! दुकानात मात्र बिस्किटं रोजच्यासारखीच खपत होती.”

मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. मार्जिन साधारण 5 टक्के. साठा आणि बाजारातली उधारी मिळून अडकलेले भांडवल वर्षात 12 वेळा फिरले, तर त्यावर खर्च वजा जाण्याआधी 60 टक्के सुटतात. तेच 6 वेळा फिरले तर 30. विक्री तेवढीच, गोडाऊनचे भाडे, टेम्पो आणि सेल्समनचे पगारही तेवढेच. भांडवल मात्र दुप्पट अडकलेले आणि वाढीव भागावर बँकेचे व्याज चालू. शेजारी उभा असलेला आमचा एरिया मॅनेजर खाली पाहत होता. त्याचा इन्सेंटिव्ह पूर्णपणे प्रायमरीवर ठरत होता आणि त्याच्या वरिष्ठाचाही. या प्रकाराला एखाद्या माणसाची लबाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्या आकड्यावर माणसाचा पगार आणि बढती ठरते, तो आकडा तो आणणारच.

31 मार्चच्या दुपारी कार्यकारी संचालकांकडे बैठक झाली. रात्री बारापर्यंत आणखी किती बिलिंग करायचे, हाच मुख्य विषय होता. मी पेट्यांवरच्या महिन्यांचे फोटो दाखवले आणि सोबत प्रॉक्टर अँड गॅम्बलचे जुने, व्यवस्थापनाच्या अभ्यासात गाजलेले उदाहरण ठेवले: बाळांचा डायपरचा वापर जवळपास स्थिर असूनही वितरकांच्या ऑर्डरी त्यापेक्षा कितीतरी जास्त वरखाली होत होत्या आणि कंपनीने कच्च्या मालासाठी पुरवठादारांना दिलेल्या ऑर्डरी त्याहूनही जास्त. साखळीत मागे जावे तसा चढउतार फुगत जातो. आमची नवी लाइन अशाच फुगलेल्या आकड्यावर उभी राहणार होती.

विक्रीप्रमुखांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. वितरकाचा पैसा आपल्या मालात अडकला, की तो आपलाच माल आधी खपवतो आणि स्पर्धकासाठी त्याच्याकडे भांडवल उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. थोड्या दिवसांसाठी हे खरेही ठरते. पण भिंतीलगतच्या नोव्हेंबरच्या पेट्या हा माल खपलेला नाही, हेच सांगत होत्या. वित्तप्रमुख बाईंनी त्यावर नेमका मुद्दा मांडला. 1 एप्रिल 2018 पासून लागू असलेल्या इंड एएस 115 या महसूल नोंदवण्याच्या भारतीय लेखामानकानुसार अपेक्षित परतावा आणि स्कीमची सूट महसुलातून आधीच वजा करावी लागते. हा माल परत येणार हे आज आपल्याला ठाऊक असेल, तर तो आकडा तसाच्या तसा दाखवता येणार नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. खोलीत काही वेळ कोणीच बोलले नाही.

कार्यकारी संचालकांनी त्या रात्रीचे जादा बिलिंग थांबवले, नव्या लाइनचा प्रस्ताव परत पाठवला आणि पुढच्या वर्षापासून क्षेत्रीय अधिकाऱ्यांच्या इन्सेंटिव्हचा मोठा भाग सेकंडरीवर ठेवण्याचा निर्णय घेतला. धाडसी शब्द न वापरता घेतलेले हे तीन निर्णय माझ्या मते त्या वर्षातले सर्वांत मोठे धोरण होते, कारण त्यांची किंमत लगेच मोजावी लागणार हे त्यांना माहीत होते. एप्रिल ते जूनच्या तिमाहीत आमची विक्री घटलेली दिसली, विश्लेषकांनी त्यावर कठोर प्रश्न विचारले आणि दोन अनुभवी एरिया मॅनेजर कंपनी सोडून गेले. दुकानांतली मागणी मात्र होती तिथेच होती.

वितरकांचे साठे उतरल्यावर खरी परिस्थिती समजू लागली. मुंबईत आमची विक्री वाढत नव्हती, त्याचे कारण उत्पादनक्षमतेची कमतरता नव्हते. चाळी आणि वस्त्यांतील लहान दुकानांपर्यंत आमचा सेल्समन पोहोचतच नव्हता, कारण मोठ्या ऑर्डरींच्या मागे लागलेल्या वितरकाला त्या बीटसाठी, म्हणजे सेल्समनच्या ठरलेल्या फेरीतल्या दुकानांसाठी, माणूस ठेवणे परवडत नव्हते. म्हणून नव्या लाइनच्या खर्चाचा अगदी लहानसा भाग त्या बीटच्या सेल्समनसाठी अनुदान म्हणून वळवण्यात आला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. खराब आणि मुदत संपलेल्या मालाचे वितरकांचे क्लेम आमच्याकडे महिनोन्‌महिने पडून राहतात आणि तेवढे दिवस कंपनीचा तोटा वितरकाच्या पैशावर चालतो. क्लेम 30 दिवसांत निकाली काढावेत, नाहीतर त्यावर व्याज द्यावे, असा प्रस्ताव मी पुन्हा मांडला आहे. तो मंजूर होईपर्यंत मी प्रत्येक तिमाही आढाव्यात थकलेल्या क्लेमची रक्कम विक्रीच्या आकड्याशेजारीच लिहिणार आहे.