डायल टोन

माळ्यावरची खोकी आवरताना परवा दुपारी जुना मोडेम, म्हणजे फोनच्या लाईनवरून संगणक इंटरनेटला जोडणारे यंत्र, हाती लागला. पातळ पुस्तकाएवढी काळी पेटी, पुढे ओळीने बारीक दिवे, आणि मागे फोनच्या वायरीची ती पारदर्शक पिन, जिची खिट्टी मोडल्यामुळे मी आगकाडीचा तुकडा खोचून ठेवला होता; तो तुकडाही जागच्या जागी होता. टिळकवाडीतल्या आमच्या घरी विंडोज ९८ चा संगणक आईने शिवलेल्या अभ्र्याखाली अजून उभा आहे आणि मनात आले तर चालूही होतो. दुपारची झोप गेली, हे मला तिथेच कळले.

त्या काळात ज्यांनी इंटरनेट लावले त्यांना जोडणी फसल्यावर पडद्यावर येणारा ६८० हा आकडा समजावून सांगायला नको. ‘डायल टोन नाही’, म्हणजे नंबर फिरवण्याआधी लाईनवर येणारा आवाज नाही, असा त्याचा अर्थ. आमची अडचण अशी की टोन असायचा. रिसीव्हर कानाला लावला की स्वच्छ ऐकू यायचा. रिसीव्हर ठेवून ‘कनेक्ट’ दाबले की ‘ओएच’चा (ऑफ हुक, म्हणजे मोडेमने लाईन उचलल्याचा) दिवा लागायचा, मोडेमच्या पोटातून तोच टोन खोलीभर घुमायचा, आणि तो घुमत असतानाच हे यंत्र पडद्यावर सांगायचे की टोन नाही.

पहिला संशय आईवर जायचा, कारण स्वयंपाकघरात त्याच लाईनवरचा दुसरा फोन होता. नंतर मी मोडेम तपासणाऱ्या डायग्नॉस्टिक्स खिडकीत शिरून ‘मोअर इन्फो’ दाबत असे. तिथे मोडेम बहुतेक आज्ञांना ओके म्हणे, म्हणजे तब्येत ठणठणीत. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की वायर उपटून ठेवायची शिस्त आम्ही आधीचा मोडेम जळाल्यावर शिकलो होतो, त्यामुळे तीही शंका नव्हती. शेवटी बाबांनी लाईनमनला बोलावले. त्याने स्वतःचा फोन वायरीला जोडून ऐकले, मोडेमकडे बराच वेळ पाहिले, आणि आमच्या बेळगावी मराठीत निकाल दिला, “टोन ऐत्री साहेब. ह्यालाच कळंना झालंय बघा.”

तो निकाल अक्षरशः खरा होता. अमेरिकेत डायल टोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र. आपल्याकडचा ४०० हर्ट्झच्या आसपासचा. परदेशी शिकवणीतून आलेल्या आमच्या मोडेमच्या कानावर आपला टोन पडत होता, पण तो टोन म्हणून त्याच्या हिशेबात नव्हता. (घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नव्हते, तरी मला संताप येई.) त्यावरचा उतारा दोन अक्षरांचा निघाला. मोडेमच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’ नावाचा रिकामा चौकोन असतो. तिथे ‘एक्स३’ लिहिले की मोडेम टोनची वाट पाहणे सोडून देतो आणि सरळ नंबर फिरवतो.

त्यानंतर इंटरनेटच्या नंबराचे सहा आकडे खणखणीत वाजू लागले. स्पीकर बंद करणारी ‘एम०’ ही आज्ञा मला ठाऊक होती, पण ती मी कधीच दिली नाही आणि आजही देणार नाही, कारण पलीकडचा २१०० हर्ट्झचा लांब स्वर आणि त्यामागची खरखर ऐकल्याशिवाय जोडणी झाली असे मला वाटतच नाही. कधीकधी त्या स्वराऐवजी मार्ग व्यस्त असल्याचे कन्नडमध्ये सांगणाऱ्या बाई यायच्या, आणि मोडेम बिचारा त्यांच्या बोलण्यातही तो स्वर शोधत राहायचा. पेटीवर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट, असा वेग छापला होता. आम्हाला ३१,२०० मिळाले की सण. सेकंदाला जेमतेम ३ केबी, म्हणजे ४ एमबीच्या गाण्याला २२ मिनिटांहून अधिक, आणि तेवढ्या वेळात स्वयंपाकघरातला फोन कोणी उचलला की सगळे पाण्यात. म्हणून आई फोनकडे जाण्याआधी तिथूनच विचारायची.

परवा सगळे जोडले. फोनची लाईन आम्ही केव्हाच परत केली आहे. भिंतीवर रंगाखाली बुजलेला तिचा डबा तेवढा उरला आहे, त्यात आगकाडीसकट पिन बसवली. ‘कनेक्ट’ दाबले. ‘ओएच’चा दिवा लागला, टोन आला नाही, पण ‘एक्स३’ अजून लिहिलेले असल्यामुळे मोडेमने तो शोधलाही नाही. त्याने सहाच्या सहा आकडे त्या मुक्या भिंतीला ऐकवले आणि उत्तराची वाट पाहत बसला.

“अरे, फोन उचलू का? की लावलायस ते?” आतून आईने विचारले.

“लावलंय गं, थांब जरा,” मी म्हणालो, आणि पलीकडून उत्तर नसल्याचा ६७८ येईपर्यंत दोघेही थांबलो.