परत आलेली हुडहुडी

पन्हाळा ते पावनखिंड चालायला येणाऱ्या पोरांना सापाची भीती असते, दरीची असते, जळवांची तर असतेच. वाऱ्याची कुणालाच नसते. त्या दिवशी मसाई पठारावर जे झालं ते वाऱ्यानं केलं. थोडं इतिहासानंही केलं, असं मला अजून वाटतं.

जुलैतली बॅच होती. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी घोषणा झाल्या, राजदिंडीनं उतरलो, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पठारावर चढलो. मी सगळ्यांत मागं होतो. लीडर म्हणजे पुढं चालणारा, असं बाहेरच्यांना वाटतं. पण पुढं चालायला वाट माहीत असली की झालं. खरं कळतं ते मागून, कोण कुठून कुठं घसरतोय ते.

ज्याची ही गोष्ट, तो पोरगा सकाळी भगवा घेऊन सगळ्यांच्या पुढं होता. पठारावर आलो तेव्हा मधल्या घोळक्यात, आणि थोड्या वेळानं माझ्याजवळ. अंगात जीन्स आणि शिवमुद्रेचा सुती टी-शर्ट. 'जीन्स नको' असं आम्ही मेसेजमध्ये ठळक लिहितो. ते कोण वाचतं?

पठारावर आडोसा म्हणून काही नाही. सगळा जांभा, वर गुडघ्याएवढं गवत आणि पश्चिमेकडून येणारा आडवा पाऊस. पारा विसाच्या आसपास, म्हणजे घरात पंखा बंद करावा इतकाच गारवा. पण ओलं सुती कापड आणि वारा एकत्र आले की अंगातली ऊब उपसली जाते. लोकर भिजली तरी ऊब धरते, सुताचं तसं नाही. धनगर घोंगड्याची खोळ उगाच घेत नाही डोक्यावर.

म्हाळुंग्यात मी त्याला विचारलं होतं, "थंडी वाजतीया काय?"

"बाजीप्रभूंना वाजली असती काय, सर?"

आता ह्यावर काय बोलणार! ह्या वाटेवर "मला जमंना" म्हणायची लाज वाटते, हे मी दरसाल बघतो. दुसऱ्या कुठल्याही डोंगरावर हेच पोरगं बसकण मारून चहा मागेल. इथं बाजीप्रभूंबरोबरचे सहाशे बांदल मावळे आठवतात. आठवावेतच. पण डोंगरात जन्म काढलेल्या माणसांशी आठवडाभर एसीत बसणाऱ्यानं बरोबरी कशाला करायची?

कुडकुडत होता तोवर मला काळजी नव्हती. कुडकुडणं म्हणजे शरीर स्वतःला तापवतंय. मग ते थांबलं. मित्र म्हणाले, "बघा, आलं की अंगात वारं!" मी त्याला विचारलं, मागचं गाव कुठलं? म्हणाला, "आलं की घर." पाय अडखळत होते, जीभ जड झाली होती. मित्र हसायला लागले, "सकाळीच लावून आलायस व्हय?" शेजारून जाणाऱ्या एका मोठ्या ग्रुपमधल्या गृहस्थांनी मायेनं क्वार्टर पुढं केली. दारूनं ऊब आल्यासारखं वाटतं, पण कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि आतली उरलीसुरली उष्णताही बाहेर जाते. मी जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. शेकड्यानं माणसं गोळा करून आणायची आणि पिशवीत हे ठेवायचं!

मसाईच्या देवळाच्या आडोशाला नेलं. कपडे काढायचे तर हातातला झेंडा सुटेना. बोटं काठीभोवती आवळलेली, नखं निळसर. त्याला स्वतःलाच मूठ उघडता येईना. आम्ही एकेक बोट सोडवलं. मित्राला म्हटलं, तू धर, खाली टेकणार नाही. तेव्हा कुठं बाकीचे मदतीला वाकले.

माझ्या सॅकमध्ये कोरडा जोड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधलेला असतो. सॅकवरच्या रेनकव्हरवर माझा भरवसा नाही. अंग पुसून तो चढवला, कानटोपी घातली, वरून कचऱ्याची मोठी काळी पिशवी, डोक्यापुरतं भोक पाडून. बुडाखाली सॅक, कारण दगडही ऊब ओढतो. दोघं दोन्ही बाजूंनी चिकटून बसले. एकजण हातपाय चोळायला लागला, त्याला थांबवलं. चोळल्यानं हातापायातलं गार रक्त काळजाकडं येतं. गिळता येतंय याची खात्री केली आणि गुळाचे खडे दिले.

बऱ्याच वेळानं त्याचे दात वाजायला लागले. मित्र घाबरले, "सर, परत सुरू झालं!" मला मात्र हायसं वाटलं. हुडहुडी परत येणं म्हणजे भट्टी पेटली.

चांगला शुद्धीवर आल्यावर सावकाश कुंभारवाडीत उतरवला. तिथल्या मावशींनी आधी घोंगडं दिलं, मग चहा. "चुलीफुडं एकदम बसवू नगासा," त्या आपण होऊन म्हणाल्या. आमच्या प्रथमोपचाराच्या वर्गात हेच सांगायला अर्धा तास लागतो.

तिथूनच त्याला गाडीनं घरी धाडला. पावनखिंड राहिली म्हणून डोळ्यांत पाणी होतं. रात्री मेसेज आला, "सर, ग्रुपवर सांगू नका." थंडीपेक्षा ह्याचंच ओझं जास्त दिसलं.

औंदाच्या बॅचला त्याचं नाव सगळ्यांच्या आधी आलंय. जीन्सचं विचारलं, तर आईनं पायपुसणं केली म्हणे. नाव घेतलंय. ह्या वेळी माझ्याबरोबर मागं चालायचं, असं सांगितलंय. अजून "हो" म्हणालेला नाही.